जखम कोणत्या कागदावर आहे?

समजा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या आसपास. १९६८ साली ते व्हिएतनाममध्ये पायदळात होते. एका संध्याकाळी गस्त घालताना जवळच उखळी तोफेचा गोळा फुटला आणि लोखंडाचे दोन तुकडे खांद्यात घुसले. कंपनीतल्या मेडिकने एक तिथल्या तिथे चिमट्याने उपटला, दुसरा खोल होता तो राहू दिला आणि पट्टी आवळली. मागच्या तळावर डॉक्टरांनी टाके घातले आणि चौथ्या दिवशी गडी पुन्हा गस्तीवर. पुढे घरी परतणे, नोकरी, संसार, निवृत्ती. तो तुकडा मात्र दर एक्स-रेमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत राहिला. परवा नातवाने तो पाहिला आणि विचारले, “आजोबा, मग तुम्हाला पर्पल हार्ट का नाही?”

हे आजोबा कल्पनेतले आहेत. त्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यातून वाट काढत असलेले म्हातारे सैनिक अमेरिकेत आजही आहेत. ही वाट कशी जाते ते त्यांच्याबरोबर चालत पाहू.

आधी पदकाविषयी. पर्पल हार्ट म्हणजे शत्रूच्या हातून झालेल्या जखमेचे पदक. जांभळ्या हृदयावर जॉर्ज वॉशिंग्टनची सोनेरी छबी. मूळ कल्पना वॉशिंग्टनचीच. ७ ऑगस्ट १७८२ रोजी त्याने साध्या शिपायांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाचे मानचिन्ह सुरू केले. ते मिळाल्याची खात्रीशीर नोंद फक्त तिघांची आहे. नंतर दीडशे वर्षे ते विस्मरणात गेले. वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी त्याला पदकाच्या रूपात पुन्हा जिवंत केले. पहिल्या क्रमांकाचे पदकही त्यांनाच मिळाले, हे जाता जाता. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: पहिल्या महायुद्धात १९१८ साली जखमी झालेल्यांनी हे पदक १९३२ नंतर अर्ज करून मिळवले. म्हणजे उशिरा मागणे हे या पदकाच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली. लष्करी सन्मान ढोबळमानाने दोन जातींचे असतात. शौर्याचे पदक शिफारशीने मिळते: कोणीतरी वरिष्ठाने पाहिले, लिहिले, वर पाठवले, आणि वरच्यांनी ठरवले. पर्पल हार्टला शिफारस लागत नाही. अटी पूर्ण झाल्या की तो हक्क आहे. द्यावे की देऊ नये, हा प्रश्न कोणाच्या मर्जीचा उरत नाही. म्हणून शौर्यपदकांना असते तशी मुदत त्याला नाही. पण हक्काचीही एक गोम असते. तो सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करण्याचे ओझे मागणाऱ्यावर असते. आजोबा किती धाडसी होते हे कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढेच, की जखम कोणत्या कागदावर आहे.

कागदावर तीन गोष्टी दिसाव्या लागतात. जखम शत्रूच्या कृतीमुळे झाली. तिच्यावर लष्करी डॉक्टरच्या उपचारांची गरज होती. आणि ते उपचार वैद्यकीय नोंदीत आले. यातली पहिली अट लोकांना सर्वांत सोपी वाटते आणि तिथेच पुष्कळ अर्ज आपटतात. लढाईच्या धामधुमीत ट्रकवरून पडून पाय मोडला, तर ती शत्रूची कृती नाही. थंडीने बोटे झडली, ऊन लागले, मलेरिया झाला, तरी नाही. मनावर झालेला आघात, ज्याला आज पीटीएसडी म्हणतात, तोही या पदकात बसत नाही. यावर तिकडे पुष्कळ वाद झाले, पण नियम तसाच आहे. स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला झालेली इजा बसते, मात्र शुद्ध हरपली होती की नाही, किती तास कामावरून दूर ठेवले, असे बारकावे तपासले जातात. आणि एकाच स्फोटात दहा तुकडे लागले तरी पदक एकच.

आपल्या आजोबांची जखम या चाळणीतून सहज उतरते. गोळा शत्रूचा, टाके डॉक्टरांनी घातलेले. मग पदक हुकले कसे? हुकण्याच्या जागा अनेक आहेत. मेडिकने लिहिलेली चिठ्ठी पावसाने भिजून गेली असेल. तळावरचा डॉक्टर त्या रात्री तीस माणसे शिवत असेल आणि नोंद करणारा कारकून झोपला असेल. मोठ्या इस्पितळात भरती झालेल्यांना पदक अनेकदा खाटेवरच मिळे, कारण इस्पितळच तसा हुकूम काढत असे. चार दिवसांत परतलेल्याचा हुकूम काढायचा कोणी, त्याच्या कंपनीने की दवाखान्याने, यात तो राहून जाई. आणि शेवटचे कारण आजोबांचेच. खाटेवर शेजारी पाय गमावलेला पोरगा असताना, खांद्याला पट्टी बांधलेला माणूस ‘माझे पदक कुठे?’ म्हणून विचारत नाही.

नातवाने पहिला कागद काढायचा तो डीडी फॉर्म २१४. लष्कर सोडताना मिळणारा हा दाखला १९५० पासून चालू आहे: किती सेवा, कुठे, कोणते काम, कोणती पदके. आजोबांचा तो कपाटात सापडतो, पण पदकांच्या रकान्यात पर्पल हार्ट नाही. म्हणून मग मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरी अर्ज करायचा. सैन्यातून सुटलेल्यांच्या फायली तिथल्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये असतात. स्टँडर्ड फॉर्म १८० भरून सही करून पाठवला की माजी सैनिकाला आपल्या कागदांच्या प्रती मिळतात. सैनिक हयात नसेल तर विधवा किंवा मुले मागू शकतात. इथे एक चूक फार जण करतात. ते ‘माझा दाखला पाठवा’ असे लिहितात आणि दाखलाच मिळतो, जो घरी होताच. मागायची ती संपूर्ण फाईल, वैद्यकीय कागदांसकट.

फाईल आली की व्हिएतनामच्या काळातल्या सैनिकाने आधी एक घडीचे कार्ड शोधावे. त्याचे नाव डीए फॉर्म २०. शिपाई एका तुकडीतून दुसरीकडे गेला की हे कार्ड त्याच्याबरोबर जात असे आणि कारकून त्यात टाइप करत. त्याचा चाळिसावा रकाना जखमांचा आणि एक्केचाळिसावा पदकांचा. चाळिसाव्यात तारीख आणि ‘तुकडा, खांदा’ अशा अर्थाचे दोन शब्द असले, तर अर्धी लढाई जिंकली. आजोबांचा चाळिसावा रकाना कोरा आहे, असे धरू. नाहीतर हा लेख इथेच संपेल.

इथे थोडे थांबून १९७३ सालात जायला हवे, कारण आजोबा कोरियात लढलेले असते तर त्यांच्या हाती कदाचित कोरा रकानाही आला नसता. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर सेंट लुईसजवळच्या ओव्हरलँड इथल्या त्या सहा मजली इमारतीला सहाव्या मजल्यावर आग लागली. फायलींच्या त्या अवाढव्य मजल्यावर पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक लागले. कारण शेवटपर्यंत कळले नाही. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली गेल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात होत्या, म्हणजे दोन्ही महायुद्धे आणि कोरिया. हवाई दलाच्या २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातल्या ७५ टक्के फायलीही जळाल्या, पण त्यात वर्णक्रमाने ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावाच्या पुढच्याच होत्या. ‘अँडरसन’ वाचला आणि ‘विल्सन’ जळाला. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि कोणती फाईल होती याची सूचीही नव्हती. नौदलाच्या आणि मरीन कोअरच्या फायली वाचल्या.

जे उरले ते जळके, ओले आणि बुरशी धरू लागलेले. शहरातल्या मॅकडोनेल डग्लस या विमान कंपनीकडे अंतराळासारखी निर्वात स्थिती तयार करणारी एक मोठी कोठी होती. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून फायली त्या कोठीत ठेवल्या आणि कागदातले पाणी ओढून काढले. अशा सुमारे ६५ लाख फायली वाचवल्या गेल्या. आजही कोणाची मागणी आली की कडा काळ्या पडलेले ते पान हातमोजे घालून उघडले जाते. मला या साऱ्या कथेत सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कागद वाळवणाऱ्यांविषयी.

फाईल जळाली म्हणून माणसाची वाट बंद होत नाही, फक्त लांब होते. सैन्य ही एकच गोष्ट चार जागी लिहून ठेवणारी संस्था आहे, आणि त्या चारांतली एखादी जागा आगीपासून लांब असते. प्रत्येक कंपनी रोज सकाळी ‘मॉर्निंग रिपोर्ट’ लिहीत असे. त्यात सगळ्यांची हजेरी नसे, फक्त बदल असत: कोण आला, कोण गेला, कोण इस्पितळात, कोण परत. तारीख आणि कंपनी ठाऊक असेल तर हा कागद सोन्याच्या मोलाचा. म्हणून आजोबांना पहिला प्रश्न ‘कुठे लागले?’ असा न विचारता ‘कधी, आणि तेव्हा तुम्ही कोणत्या कंपनीत?’ असा विचारायचा. “पावसाळ्यात” हे उत्तर चालत नाही. त्या दिवसांत आईला लिहिलेली पत्रे, पाकिटावरचे पोस्टाचे शिक्के, फोटोमागची तारीख, या सगळ्यांतून आठवडा तरी पकडावा लागतो.

आणखी एक खजिना १९८८ मध्ये उजेडात आला. लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने दुसऱ्या महायुद्धातल्या १९४२ ते १९४५ आणि कोरियाच्या १९५० ते १९५४ या वर्षांतल्या इस्पितळ-भरतीच्या नोंदी आकडेवारीसाठी सांकेतिक अंकांत उतरवल्या होत्या. त्या चुंबकीय फितींवर पडून होत्या, सुमारे एक कोटी. त्यांवर नाव नाही, फक्त सैनिकाचा सेवा-क्रमांक आणि अंकांचे संकेत: कसली इजा, कोणता अवयव, कशामुळे, किती दिवस. तो संकेत उलगडून ‘लढाईतली जखम, तोफगोळ्याचा तुकडा’ असे निघाले की जळालेल्या फाईलवाल्या माणसाला साक्षीदार मिळाला. आकडेमोडीसाठी केलेल्या खटाटोपाचा उपयोग कित्येक वर्षांनी माणसांना व्हावा, असे त्या कारकुनांच्या स्वप्नातही नसेल.

आपले आजोबा व्हिएतनामवाले, त्यांच्यासाठी दोन जागा अधिक. १९६५ ते १९७३ या काळात निघालेले पदकांचे हुकूम एका संगणकीय यादीत शोधता येतात. पदक मंजूर झाले, हुकूम निघाला, पण कार्डावर चढलाच नाही, असेही घडलेले असते. दुसरी, त्या युद्धातल्या जखमींची यादी. दोन्हींत नाव नसेल तर साक्षीदार. त्या दिवशी तिथे असलेल्या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या किमान दोघांची शपथेवरची निवेदने. पट्टी बांधणारा मेडिक सापडला तर त्याचे वजन सर्वांत जास्त. “आमचा हा मित्र फार शूर होता” या वाक्याची किंमत शून्य. “मी त्याच्या डावीकडे दहा पावलांवर होतो, गोळा पडला, त्याच्या उजव्या खांद्यातून रक्त येताना पाहिले, मीच त्याला हेलिकॉप्टरपर्यंत नेले” हे वाक्य हवे.

एक सापळा इथेच सांगतो. माजी सैनिकांचे खाते आजोबांना त्या खांद्याबद्दल अपंगत्व भत्ता देत असेल, तर कुटुंबाला वाटते की सरकारने जखम मान्य केलीच आहे. पण भत्ता देणारे खाते वेगळे आणि पदक देणारे लष्कर वेगळे. भत्त्यासाठी इजा नोकरीत झाली एवढे पुरते. ती शत्रूने केली का, हे तिथे ठरत नाही. एक्स-रेमधला ठिपकाही लोखंड दाखवतो, ते कोणाचे होते हे दाखवत नाही.

कागद जमले की पदकाचा अर्ज केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथे, लष्कराच्या मनुष्यबळ विभागाच्या पदक शाखेकडे जातो. नकार आला तर पुढची पायरी लष्करी नोंदी दुरुस्त करणारे मंडळ. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या कायद्याने अशी मंडळे आली. तोपर्यंत एखाद्या सैनिकाच्या नोंदीतली चूक सुधारायला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्याच्या नावाचे स्वतंत्र विधेयक आणावे लागे. गणवेशातली चूक गणवेशातल्यांनीच तपासू नये म्हणून मंडळावर नागरी अधिकारी असतात. अर्ज डीडी फॉर्म १४९ वर. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत कायद्यात आहे, पण न्यायाच्या हितासाठी ती माफ करता येते आणि पदकांच्या प्रकरणांत मंडळ बहुधा प्रकरणाच्या मुळाशी जाते. सुरुवात मात्र ते एका गृहीतकाने करते: लष्कराच्या नोंदी बरोबर आहेत. ते गृहीतक हलवायचे काम अर्जदाराचे.

मंडळाचे निकाल नावे झाकून प्रसिद्ध होतात आणि कोणालाही वाचता येतात. अर्ज करण्याआधी ते दहा-वीस तरी वाचावेत. वकिलाच्या सल्ल्याइतके शिकवतात. त्यांत एक गमतीची गोष्ट वारंवार दिसते. मागितलेले पदक नाकारले जाते, पण फाईल चाळताना न मागितलेली तीन-चार सापडतात. व्हिएतनाममधल्या लष्करी तुकड्यांना दक्षिण व्हिएतनामने दिलेला एक सामूहिक सन्मान १९७४ च्या हुकुमाने सरसकट लागू झाला, तोवर बहुतेक जण घरी परतले होते. तो अनेकांच्या दाखल्यावर नाहीच. मूळ दाखला खोडत नाहीत. डीडी फॉर्म २१५ नावाचे दुरुस्तीपत्र त्याला जोडतात.

आजोबांनी याच अर्जात आणखी एक मागणी जोडावी: कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज. निळ्या पट्टीवरची रुपेरी बंदूक, १९४३ पासूनची. अटी तीन: पायदळी शिपाई, पायदळाच्या तुकडीत, शत्रूच्या माऱ्याखाली. आजोबांच्या दाखल्यावर कामाचा संकेत ११-बी आहे, म्हणजे पायदळी रायफलवाला, आणि कंपनी लढाईत होती हे तिच्या रोजनिशीत असतेच. हा बॅज पुष्कळदा जखमेच्या पदकापेक्षा लवकर सुटतो. तोफखान्यातला माणूस पायदळाबरोबर चिखलात वर्षभर लोळला तरी त्याला तो मिळत नाही, आणि यावरून म्हाताऱ्यांची मने फार दुखावलेली असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळी शिपायांसाठी तर या बॅजला शेपूट आहे: १९४७ मध्ये ठरले की ज्यांना त्या युद्धात हा बॅज मिळाला, त्यांना ब्राँझ स्टार हे पदकही मिळावे. मात्र ते आपोआप आले नाही, अर्ज करावा लागला. ज्यांना ठाऊक नव्हते ते त्याच्यावाचून गेले.

शौर्याच्या पदकांची वाट याहून चढाची. १९९६ च्या एका कायद्याने मुदत संपलेल्या शिफारशीलाही दार उघडले, पण ते दार काँग्रेसच्या सदस्याने वाजवायचे असते. पॅरिस डेव्हिस यांचे प्रकरण यासाठी पाहावे. जून १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या बाँग सन इथे सुमारे एकोणीस तास चाललेल्या लढाईत अनेक जखमा अंगावर घेत या कॅप्टनने आपली माणसे बाहेर काढली. स्पेशल फोर्सेसमधल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी ते एक. मेडल ऑफ ऑनर या शौर्यपदकाची शिफारस झाली, ती हरवली. १९६९ मध्ये चौकशी होऊन पुन्हा पाठवायला सांगितले, तीही हरवली. सहकाऱ्यांनी तिसऱ्यांदा कागद उभे केले आणि ३ मार्च २०२३ रोजी पदक गळ्यात पडले. ते तरी हयात होते. पहिल्या महायुद्धातल्या हेन्री जॉन्सन या कृष्णवर्णीय शिपायाला मे १९१८ च्या एका रात्री एकवीस जखमा झाल्या, फ्रान्सने लगेच पदक दिले, आणि त्याच्या स्वतःच्या देशाच्या सुटकेच्या कागदांत जखमांचा उल्लेखच नव्हता. तो १९२९ मध्ये गेला. पर्पल हार्ट आले १९९६ मध्ये. कागद नेहमी निष्पापपणे हरवतात, असे मानायला या दोन प्रकरणांनंतर माझे मन तयार होत नाही.

पदकांचा तुटवडा हे काही कारण नव्हते. जपानवर जमिनीवरून चढाई होणार या हिशेबाने दुसऱ्या महायुद्धात एवढे पर्पल हार्ट घडवले गेले, की चढाई झाली नाही तेव्हा सुमारे पाच लाख उरले, आणि तो साठा कोरिया-व्हिएतनामच्या पुढेही पुरला. ओहायोच्या आजोबांसाठी पदक त्यांच्या जन्माआधीच तयार होऊन कपाटात पडलेले असू शकते.

आपल्याकडचे नियम आणि कचेऱ्या वेगळ्या आहेत. जखमेसाठी आपल्याकडे पराक्रम पदक आहे. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ च्या युद्धासाठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. जवानाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. कुठे काय लिहायचे हे विचारायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पण सुरुवात तीच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या घरात १९६५ किंवा १९७१ चे कोणी आजोबा असतील, त्यांनी ट्रंकेतले डिस्चार्ज बुक आजच बाहेर काढावे, प्रत्येक पानाची झेरॉक्स करावी, आणि आजोबांना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात: तारीख कोणती, कंपनी कोणती, आणि तेव्हा शेजारी कोण होते. शेजारी असलेले हयात असतील तर त्यांना फोन या आठवड्यातच करावा.